पोटमाळ्याची खिडकी : चार्ली चॅप्लिनचे बालपण आणि आपली मुले

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि बालकल्याणाच्या कामातील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे पालकाचे नाव असते. घरात मृत्यू घडला की त्या नावाशेजारी 'मयत' असा शेरा येतो. मग दाखले निघतात, अर्ज भरले जातात, मंजुरीचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. हे सारे आवश्यकच आहे. त्यावाचून त्या घरातील चूल पेटणार नाही. परंतु कागदाचे काम जेथे संपते, तेथे मुलाच्या मनातले काम नुकते कोठे सुरू झालेले असते. ते वर्गात पूर्वीच्याच जागी बसते, हजेरीला 'हजर' म्हणते आणि बाहेर पाहत राहते. मोठी माणसे रडतात, बोलतात, दिवस-कार्य करतात. लहान मुलापाशी आपले दुःख सांगण्याइतके शब्द नसतात. जेथे एका खोलीत पाच-सात माणसे राहतात अशा वस्तीत तर त्याला रडावयास कोपराही मिळत नाही.

अशा मुलाला सावरण्यासाठी अन्नवस्त्राखेरीज आणखी काय लागते? या प्रश्नाचा विचार करताना एका जगप्रसिद्ध माणसाच्या बालपणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. चार्ली चॅप्लिन हे नाव आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. आखूड कोट, ढगळ विजार, हातात काठी आणि पायांत मोठाले बूट अशी ती मूर्ती पाहून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या हसल्या आहेत. भा. द. खेर यांनी या कलावंतावर लिहिलेल्या चरित्रात्मक कादंबरीला 'हसरे दुःख' असे नाव दिले. ते नाव अगदी यथार्थ आहे. त्या हास्यामागचे दुःख एका लहान मुलाचे होते आणि ते एका अत्यंत खडतर वस्तीत भोगलेले होते.

लॅम्बेथची वस्ती

लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर लॅम्बेथ हा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कारखाने, कत्तलखाने, दारूचे गुत्ते आणि भाड्याच्या अंधाऱ्या खोल्या यांची दाटी होती. जगातील सर्वांत संपन्न साम्राज्याची ती राजधानी. पण चार्ल्स बूथ यांनी त्या काळात घरोघर पाहणी करून लंडनच्या गरिबीचे नकाशे तयार केले, तेव्हा शहरातील सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात राहत असल्याचे आढळून आले. लॅम्बेथमधील अनेक गल्ल्यांची गणना त्यांतच होत असे.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी झाला. आई हॅना आणि वडील चार्ल्स हे दोघेही तेथील संगीत-रंगभूमीवर गाणारे कलावंत. सिडनी हा चार्लीपेक्षा चार वर्षांनी मोठा सावत्र भाऊ. चार्ली अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. वडिलांना दारूचे व्यसन जडले होते. पुढे आईचा आवाज बसू लागला आणि रंगमंचावरील मिळकत थांबली. शिवणकाम करून ती दोन मुलांना जगवू लागली. एकीमागून एक स्वस्त खोली शोधत हे कुटुंब फिरत राहिले.

दुःखाची मालिका

१८९६ साली आई आजारी पडली आणि तिघांना निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, म्हणजे तेथील भाषेत 'वर्कहाउस'मध्ये, जावे लागले. तेथील शिस्तीप्रमाणे आई एका विभागात आणि मुले दुसऱ्या विभागात अशी ताटातूट झाली. लवकरच मुलांची रवानगी हॅनवेल येथील गरीब मुलांच्या निवासी शाळेत झाली. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता. काही दिवसांनी सिडनीला नाविक शिक्षणाच्या जहाजावर पाठविण्यात आले आणि चार्ली एकटा उरला. डोक्यात गजकर्ण झाले म्हणून त्याचे केस भादरून डोक्याला आयोडीन फासण्यात आले. अशा मुलांकडे इतर मुले तिरस्काराने पाहत असत. त्या शाळेत अन्न होते, अंथरूण होते, धडेही होते. 'तुला काय होते आहे?' असे विचारणारे मात्र कोणी नव्हते.

१८९८ च्या ऑगस्टमधील एक प्रसंग चॅप्लिन यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. हे कुटुंब पुन्हा आश्रयगृहात दाखल झाले होते आणि मुलांना पुन्हा दूरच्या शाळेत पाठविले होते. मुलांना भेटण्याची आईने एक युक्ती काढली. आपण मुलांसह आश्रयगृह सोडत आहोत, असे तिने नियमाप्रमाणे कळविले. मुलांना परत आणले गेले, तिघांचे स्वतःचे कपडे त्यांना मिळाले आणि ती तिघे बाहेर पडली. सिडनीच्या रुमालात नऊ पेन्स बांधलेले होते. त्यांतून त्यांनी अर्धा पौंड चेरीची फळे घेतली. वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून त्याला दोरा गुंडाळला आणि केनिंग्टनच्या बागेत तिघे झेलाझेली खेळली. दुपारी एका साध्या खाणावळीत उरलेले पैसे संपविले. संध्याकाळी ती परत आश्रयगृहाच्या दाराशी हजर झाली! सगळे सोपस्कार नव्याने करावे लागणार म्हणून कर्मचारी वैतागले. त्यांच्या दृष्टीने ही नियमाची थट्टा होती. मुलांच्या दृष्टीने तो आयुष्यभर पुरलेला दिवस होता.

पुढल्याच महिन्यात आईचे मानसिक संतुलन बिघडले आणि तिला मनोरुग्णालयात हलविण्यात आले. मुले काही काळ व्यसनी वडिलांच्या घरी राहिली. १९०१ साली वडील वारले. चार्ली बारा वर्षांचा होता. त्या दिवसांत तो दंडावर काळी फीत बांधून गुत्त्यांमधून फुलांचे गुच्छ विकू लागला. सुतकी चेहऱ्याचे पोर पाहून गिऱ्हाइके जास्त पैसे देत. आईला हे कळताच तिने ते बंद करविले. ज्या दारूने बाप गेला, त्या दारूच्या दुकानात मुलाने दुःख मांडून पैसे मिळवावेत, हे तिला सहन झाले नाही. १९०३ साली तिचा आजार पुन्हा उलटला. त्या वेळी चौदा वर्षांच्या चार्लीनेच तिला हाताला धरून रुग्णालयात पोहोचविले. सिडनी तेव्हा बोटीवर नोकरीस होता. तो परतेपर्यंत चार्ली त्या खोलीत एकट्याने राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चार्लीचे वडील मृत्यूने गेले. परंतु आई जिवंत असूनही त्याने तिला अनेकदा गमावले होते. आपल्या नोंदवह्यांत 'मयत' हा शेरा असतो. आई मनोरुग्णालयात आहे, बाप तुरुंगात आहे, बाप व्यसनात बुडाला आहे, आई घर सोडून गेली आहे, यांसाठी कोणताही शेरा नसतो. त्या मुलाचा शोक मात्र खराच असतो, आणि तो सांगता येत नाही म्हणून अधिक जड असतो.

खिडकीतली शाळा

या सर्व वर्षांत या मुलाला कशाने तारले? उत्तर एका पोटमाळ्याच्या खिडकीत सापडते.

पॉवनल टेरेस नावाच्या गल्लीत एका घराच्या पोटमाळ्यावर हे कुटुंब राहत असे. छप्पर उतरते, जागा कोंदट. खिडकीशी बसून आई रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे निरीक्षण करी. एखादा माणूस पाय ओढत, बुटांना पॉलिश न करता जाताना दिसला, की हा बायकोशी भांडून न्याहारी न करताच निघालेला दिसतो, असा तर्क ती बांधी आणि लगोलग त्याच्या चालीची, चेहऱ्याची हुबेहूब नक्कल करून दाखवी. मुले पोट धरून हसत. माणसाकडे कसे पाहावे आणि पाहिलेले अंगाने कसे बोलावे, हे आपण आईपासून शिकलो, असे चॅप्लिन यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितले आहे.

या शिक्षणास एक पैसाही खर्च आला नाही. साहित्य खाली रस्त्यावर होते. साधन म्हणजे स्वतःचे शरीर. प्रेक्षक म्हणजे आई आणि भाऊ. ज्या वस्तीने या मुलावर एवढे आघात केले, तीच वस्ती खिडकीतून पाहताना त्याच्या निरीक्षणाचा विषय झाली. दुःखाने गांजलेल्या मुलाला बहुधा असे वाटत असते, की सर्व काही आपल्यावर कोसळते आहे आणि आपल्या हाती काहीच नाही. नक्कल करणारे, चित्र काढणारे, मातीचे बैल करणारे मूल काही क्षणांपुरते का होईना, स्वतः काही घडवीत असते. सर्जनाचा पहिला गुण हाच होय.

दुसरा गुण त्याच वस्तीतल्या एका प्रसंगातून दिसतो. गल्लीच्या टोकाला कत्तलखाना होता. एकदा तेथे नेली जाणारी एक मेंढी सुटली आणि रस्त्याने पळत सुटली. तिला धरणाऱ्यांची धावपळ, पडझड पाहून सारे लोक हसू लागले, चार्लीही हसला. मेंढी पकडून परत नेली गेली, तेव्हा काय होणार हे त्याच्या लक्षात आले आणि ती मारली जाणार म्हणून तो रडत आईकडे धावला. हसू आणि करुणा यांचा जो मिलाफ आपल्या चित्रपटांत पुढे आला, त्याचे बीज कदाचित त्या दिवसात असावे, असे चॅप्लिन यांना उतारवयात वाटले. दोन परस्परविरुद्ध भावना मनात एकाच वेळी राहू शकतात, हे मुलाला उपदेश करून शिकविता येत नाही. बाप गेल्यावर महिन्याभरात खेळताना हसू आले, तर मुलाला अपराधी वाटते. कलेत हसणे आणि रडणे यांना एकत्र जागा असते.

एका शिक्षकाची काही मिनिटे

आता शिक्षकवर्गासाठी विशेष महत्त्वाची गोष्ट. चार्लीचे शालेय शिक्षण सतत खंडित होत गेले. वर्गात त्याचे मन रमत नसे. एकदा आईने एका दुकानाच्या काचेत लावलेली विनोदी कविता उतरवून आणली होती. चार्लीने ती पाठ केली आणि मधल्या सुटीत एका सोबत्याला साभिनय म्हणून दाखविली. शिक्षक आपले काम करीत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिले. त्यांना हसू आले. वर्ग भरल्यावर त्यांनी चार्लीला ती कविता सर्वांसमोर म्हणावयास लावली. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेतील प्रत्येक वर्गात नेण्यात आले. कालपर्यंत ज्याला कोणी ओळखत नव्हते, तो मुलगा सर्व शाळेला माहीत झाला. त्यानंतर आपल्याला शाळेची गोडी वाटू लागली आणि अभ्यासही सुधारला, असे चॅप्लिन यांनी नमूद केले आहे.

त्या शिक्षकांनी कोणतीही योजना राबविली नव्हती. त्यांनी मान वर करून पाहिले, एवढेच. वर्गात 'गप्प बैस' असे म्हणण्याचा तो क्षण होता. त्या क्षणी त्यांनी मुलाला ऐकले आणि इतरांनाही ऐकविले.

यानंतर लवकरच चार्ली 'एट लँकेशायर लॅड्स' या लहान मुलांच्या नृत्यपथकात गेला. लाकडी तळव्यांचे बूट घालून ताल धरण्याचे ते नृत्य. सुमारे सहा आठवडे सराव केल्यावर त्याला रंगमंचावर उभे केले गेले. १९०३ साली, आई मनोरुग्णालयात असताना, त्याला नाटकात काम मिळाले. त्याला नीट वाचता येत नव्हते; सिडनीने संवाद वाचून दाखवून त्याची भूमिका पाठ करून घेतली. सराव, वेळ, ताल, पाठांतर या गोष्टींनी विस्कटलेल्या दिवसाला एक आकार दिला. त्या आकारामागे थोरल्या भावाचा भरवशाचा हात होता, हे विसरून चालणार नाही.

जुन्या जखमेचे चित्र

१९१० साली चॅप्लिन अमेरिकेत गेले, १९१४ साली पडद्यावर आले आणि अल्पावधीत जगप्रसिद्ध झाले. १९१९ च्या जुलैमध्ये त्यांचे पहिले अपत्य अवघ्या तीन दिवसांचे होऊन वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एका टाकून दिलेल्या मुलाची आणि त्याला वाढविणाऱ्या भटक्याची कथा चित्रित करावयास घेतली. 'द किड' हा तो चित्रपट १९२१ साली प्रदर्शित झाला. त्यातील भटका ज्या उतरत्या छपराच्या पोटमाळ्यात राहतो, तो लॅम्बेथच्या त्या खोलीची आठवण करून देणारा आहे. त्याच वर्षी चॅप्लिन यांनी आजारी आईला अमेरिकेत आणविले. १९२८ साली तिचा मृत्यू होईपर्यंत ती त्यांच्या देखरेखीखाली राहिली.

त्या चित्रपटातील एक प्रसंग शासनाच्या सेवेतील प्रत्येकाने पाहावा असा आहे. मुलाला अनाथालयात नेण्यासाठी सरकारी माणसे येतात. रडणाऱ्या मुलाला गाडीत घालतात. भटका घरांच्या छपरांवरून धावत जाऊन त्याला सोडवून आणतो. सर्व प्रेक्षागृह त्या भटक्याच्या बाजूने उभे राहते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती सरकारी माणसे चोर-दरोडेखोर नाहीत. ती आपले काम करीत आहेत. आईपासून तोडून हॅनवेलला नेलेल्या सात वर्षांच्या मुलाला व्यवस्था कशी दिसली होती, ते त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी जगाला दाखविले.

दोन इशारे

या कथेतून दोन चुकीचे निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. पहिला असा, की गरिबी आणि दुःख यांतून प्रतिभा जन्मते. हे खरे नव्हे. हॅनवेलच्या त्या शाळेत शेकडो मुले होती. त्यांची नावे जगाला ठाऊक नाहीत. चॅप्लिन यांनी स्वतः गरिबीचे गोडवे कधीच गायिले नाहीत. कला ही भाकरीच्या जागी नसून भाकरीच्या जोडीला आहे.

दुसरा निष्कर्ष असा, की दुःखी मुलाची कला मंचावर मांडावी, तिला बक्षिसे द्यावीत, छायाचित्रे छापावीत. काळी फीत बांधून फुले विकणाऱ्या मुलाला त्याच्या आईने का थांबविले, हे आठवावे. मुलाचे दुःख ही प्रदर्शनाची वस्तू नाही. त्याच्या इच्छेवाचून त्याचे चित्र भिंतीवर लावणेही योग्य नव्हे.

आपल्या गावात, आपल्या वस्तीत

लॅम्बेथच्या काळापासून जग बरेच पुढे आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने विश्रांती, खेळ आणि कला-संस्कृतीतील सहभाग हा मुलांचा हक्क मानला. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय ठरविला आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेखाली मूल कुटुंबातच वाढावे म्हणून अनुदान दिले जाते. कोविडच्या साथीत अनेक मुलांचे पालक गेले, तेव्हा २०२१ साली जिल्ह्याजिल्ह्यांत कृतिदले नेमली गेली आणि दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समित्यांची तरतूद आहे.

हा झाला छपराचा आणि भाकरीचा भाग. खिडकीचा भाग मात्र कोणत्याही शासन निर्णयाने पुरा होत नाही. तो शिक्षकाला, अंगणवाडी सेविकेला आणि पंचायत सदस्याला करावा लागतो. सुदैवाने तो खर्चिक नाही.

शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मुलांनी एकत्र यावे. वेळ पाळली जाणे फार महत्त्वाचे आहे. ज्याच्या घरातले माणूस अचानक गेले आहे, त्याला कोणती तरी गोष्ट ठरल्याप्रमाणे घडते हे कळण्याची गरज असते. जुनी वर्तमानपत्रे, खडू, कोळसा, गावच्या कुंभाराकडील माती, एखादी ढोलकी, एवढे साहित्य पुरेसे आहे. लेझीम, भजनी मंडळ, शाहिराचा डफ, बहुरूप्याचे सोंग अशी सामुदायिक कलेची परंपरा आपल्या मातीत आहेच. तिच्या जाणकारांना तेथे बोलवावे. दुःख झालेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढू नये. ते मूल इतरांत मिसळून राहावे.

त्याला 'वडिलांचे चित्र काढ' असे सांगू नये. त्याने जे काढले असेल त्याकडे पाहावे आणि 'यात काय चालले आहे, ते सांग बरे' असे म्हणून थांबावे. सांगितले तर ऐकावे. न सांगितले तर आग्रह धरू नये. गुण देऊ नयेत. आकाश काळे का रंगविले, असा जाब विचारू नये. त्याचे काम नाव घालून जपून ठेवावे. मूल आठवडे न् आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, कोणाशीच बोलत नसेल किंवा स्वतःस इजा करण्याची भाषा करीत असेल, तर कलेवर विसंबून न राहता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत विनाविलंब घ्यावी.

या सर्वांतून कोणी चॅप्लिन निपजेल, अशी अपेक्षा बाळगू नये. तशी गरजही नाही. गावातल्या एखाद्या पोरक्या मुलाला शनिवारची वाट पाहावीशी वाटली, त्याने केलेल्या मातीच्या बैलाला कोणी तरी हातात घेऊन नीट पाहिले, आणि कित्येक दिवसांनी ते मोकळेपणी हसले, तरी पुष्कळ झाले.

पुढल्या खेपेस नोंदवहीत तो शेरा लिहाल, तेव्हा वही मिटण्यापूर्वी मान वर करून त्या मुलाकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती.